सामाईक वाटेवरची मोटर

"मास्तर, टेपचं ते टोक धरा," कचेरीतून आलेले साहेब म्हणाले.

मास्तरांनी टोक आपल्या भिंतीला टेकवलं. दुसरं टोक सुतारानं धरलं. आठ फूट. पुढचं घर मास्तरांचं, मागचं सुताराचं, आणि मधली ही वाट कागदोपत्री दोघांची सारखीच.

मास्तर समोर बघायचं टाळत होते. सुतार त्यांचाच विद्यार्थी, चौथीत पहिल्या बाकावर बसायचा. त्याच्याच दारात आपण साहेबांना आणून उभं केलं, याची त्यांना लाज वाटत होती.

पण बायकोचे हाल तरी किती दिवस बघायचे? स्वयंपाकघराची खिडकी वाटेलाच लागून. सुताराकडे येणारा प्रत्येक माणूस, प्रत्येक टेम्पो तिथूनच जायचा. एकदा एका हमालानं पाणी मागायला खिडकीतून आत डोकावलं, तेव्हा बाईंच्या हातातलं पातेलंच सुटलं. तेव्हापासून खिडकी बंद. भर उन्हाळ्यात त्या धुरात स्वयंपाक करायच्या आणि पाऊल वाजलं की कडी तपासून यायच्या.

मास्तरांनी अर्ज केला होता. वाटेच्या तोंडाशी फाटक, फाटकाला कुलूप, एक किल्ली सुताराला. साहेबांनी तो तेव्हा परत पाठवला. "दोघांच्या वाटेवर एकानं कुलूप लावायचं तर कारण हवं. नुसती भीती चालत नाही, काहीतरी घडायला हवं."

मग गेल्या सोमवारी घडलं. बाई बहिणीकडे गेल्या होत्या. संध्याकाळी परतल्या तर वाटेकडेला बसवलेली पाण्याची मोटर जागेवर नव्हती. दुसऱ्या दिवशी अर्ज पुन्हा गेला.

"पोलिसांत का नाही गेलात?" साहेबांनी टेप गुंडाळत विचारलं.

"शेजारी आहेत," मास्तर पुटपुटले. "उगाच बोभाटा नको."

"बघा, केवढं सांभाळून घेतात!" बाई म्हणाल्या. "मी असते तर चव्हाट्यावर आणलं असतं."

साहेब सुताराकडे वळले. "तुमचं काय म्हणणं?"

"कुलूप लागलं तर टेम्पो आत कसा येणार? गिऱ्हाईक फाटकावरूनच मागे फिरेल. प्रत्येकाला कुलूप काढून द्यायला मी रंधा टाकून पळत येऊ? दुकान बंद करावं लागेल, साहेब. दुसरी वाट नाही मला." तो थांबला. "पण काकूंची भीती खोटी नाही. आणि... मोटर मिळालीय."

सुतार आत गेला आणि मोटर उराशी धरून घेऊन आला. मास्तरांच्या पायाशी त्यानं ती हळूच टेकवली.

बाई वाकल्या. तोच हिरवा रंग. झाकणावर तोच पोचा. दोन वर्षांपूर्वी सुताराची फळी लागून पडला होता आणि बाईंनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं होतं.

"आपलीच! हा पोचा बघा ना!"

"कुणी नेली होती?" साहेबांनी विचारलं.

"ते विचारू नका." सुताराची मान खाली होती. "माझ्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्याची जबाबदारी माझी. काकू, खिडकीला जाळीचं दार बसवून देतो, कडी आतून. वारा येईल, कुणी डोकावणार नाही. मास्तर, फक्त वाट बंद करू नका."

वाटेच्या तोंडाशी टेबल मांडून बसणारी इस्त्रीवाली केव्हाची कान देऊन ऐकत होती. "चोराच्या मनात चांदणं," ती म्हणाली, आणि तेही हळू नाही.

सुताराचे कान लाल झाले. मागच्या दारात त्याची बायको उभी होती. ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

"अहो, तो..." मास्तरांच्या तोंडून निघालं. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. "तो चांगला मुलगा आहे हो," ते कसेबसे म्हणाले.

"ते दिसलंच," साहेब हसले. "अर्जाचं काय करायचं? ठेवायचा की मागे घ्यायचा?"

"मागे घेतो."

सही करताना नाव ओळीखाली उतरलं. आयुष्यभर मुलांना ओळ सोडू नका म्हणून छड्या मारलेल्या माणसाची ती सही.

"मन मोठं आहे तुमचं," साहेबांनी कागद घडी करत म्हटलं. मास्तरांना वाटलं, याच्यापेक्षा थोबाडीत मारली असती तरी बरं.

"उपकार झाले, मास्तर," सुतार म्हणाला. "मोटर जोडून देऊ?"

"नको. मी बघतो."

साहेब गेले. सुतार मान खाली घालूनच इस्त्रीवालीसमोरून फळ्या आणायला गेला. बाई सगळी हकीकत सांगायला तिच्याकडे जाऊन बसल्या, कितीतरी महिन्यांनी अशा मोकळ्या हसत होत्या.

मास्तरांनी घरात येऊन आतून कडी लावली. गुडघ्यांवर बसून त्यांनी पलंगाखालची ट्रंक ओढली, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे एकेक करून बाहेर काढले आणि तळाशी पसरलेली चादर बाजूला केली.

हिरवी, झाकणाला पोचा पडलेली मोटर त्यांनी सोमवारी ठेवली होती तशीच तिथे होती.