भोंग्यावरची दिलगिरी

अर्ज चौथ्यांदा लिहिला, तेव्हा त्यात चहा उरला नव्हता.

*मे. डेपो मॅनेजरसाहेब यांस. विनंती अर्ज की, ता. ७-३-६९ रोजी कंट्रोलर श्री. अभिमन देवरे यांनी स्टँडच्या भोंग्यावरून माझ्याविषयी अनुचित उद्गार काढले. मी त्या वेळी कामावर हजर होतो. तरी त्यांना खाजगीत समज द्यावी. आपला नम्र, भिकन महाले, कंडक्टर.*

‘खाजगीत’ या शब्दाखाली भिकनने रेघ मारली होती. पट्टी लावून.

मॅनेजरसाहेबांनी अर्ज वाचला आणि परत सरकवला.

“अनुचित म्हणजे काय? शब्द लिहा, महाले. शब्दांशिवाय कारवाई कशी करू?”

पाचव्या अर्जात चहा आला.

*साक्री गाडीचे कंडक्टर महाले, चहात बुडाला असाल तर आता बाहेर या.*

त्या वेळी भिकन साक्री गाडीच्याच टपावर होता. म्हाताऱ्या भिकुबाईचं मिरच्यांचं पोतं बांधत होता. खाली सगळं स्टँड हसलं. आणि स्टँडचा नियम असा, की प्रत्येक सूचना दोनदा सांगायची. अभिमनने नियम पाळला.

तेव्हापासून वाटेत नेरचा थांबा आला की कुणीतरी विचारतं, “भाऊ, चहा पिधा का?” साक्रीला उतरता उतरताही तेच, चहा प्यालास का. चौदा वर्षं याच रस्त्यावर त्याला भाऊ म्हणणारी माणसं. अजूनही भाऊच म्हणतात, फक्त तोंडावर उपरण्याचं टोक धरतात. कुसुंब्याला लेक दिलेली. परवा तिच्या सासऱ्यानेही विचारलं. तिकीट हातात घेताना, सगळ्या गाडीदेखत.

आठव्या दिवशी साहेबांनी बोलावलं.

“देवरेंना झाडलं चांगलं. जिथे बोलला तिथेच दिलगिरी व्यक्त करायची, म्हटलं. आज साडेदहाला, भोंग्यावर.”

“साहेब, भोंग्यावर नको.”

“का?”

“मी लिहिलंय ना, खाजगीत...”

“उघड्यावर झालेला अपमान खाजगीत कसा मिटेल? अहो, भिऊ नका. मी आहे.”

“भीत नाही साहेब. पण पुन्हा तेच...”

“हुकूम निघाला, महाले. तुमच्याच अर्जावर निघाला.”

साहेब चांगला माणूस होता. त्याने भिकनसाठी खुर्चीदेखील ओढली.

साडेदहा.

साक्री गाडी भरलेली. शेजारी रावेरची गाडी नुकतीच लागून रिकामी होत होती. ही माणसं त्या दिवशी इथे नव्हती.

भोंगा खोकला.

*प्रवासी बंधू-भगिनींनी लक्ष द्यावे. साक्री गाडीचे कंडक्टर श्री. भिकन महाले चहात बुडाले आहेत, अशा अर्थाचे उद्गार मी दिनांक सात रोजी काढले. ते चहात बुडालेले नव्हते. त्याबद्दल मी दिलगीर आहे.*

एक शब्द वावगा नाही. आवाज अगदी गाडी सुटण्याच्या सूचनेचा.

रावेरवाले सामान उतरवता उतरवता थांबले.

“कोण बुडाला म्हणे?”

“कंडक्टर. चहात.”

“कुठला?”

“तो काय, दाराशी उभा.”

*सूचना पुन्हा ऐका.*

या वेळी रावेरवाल्यांनी नीट ऐकली. हसू साक्री गाडीच्या खिडक्यांपर्यंत आलं, खिडक्यांतून आत गेलं.

भिकन चढला. दार ओढून घेतलं. पंच हातात धरला.

पुढच्या बाकावर भिकुबाई बसली होती. त्या दिवशी खालून दोरी फेकणारी तीच. तो कुठे होता हे सगळ्या स्टँडात तिला एकटीला ठाऊक. ती त्याच्याकडे बघत राहिली. हसत नव्हती. काहीतरी जुळवत होती.

“भाऊ,” ती म्हणाली, “त्या दिन तू मन्हं पोतं टपवर चढावी राह्यंता ना?”

“हो, आजी.” त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. “सांगा ना यांना.”

भिकुबाईने आणखी थोडा विचार केला.

“मंग चहा कव्हय पिधा तू?”

भिकनने घंटीची दोरी ओढली. एकदा. मग नियमाप्रमाणे पुन्हा एकदा. गाडी सुटली.