कोमट पाणी

प्रसूतिगृहाच्या वर्गात सुनयनाने पाय लांब करून सरावाचं रबरी बाळ न्हाऊ घालायला पायांवर पालथं घेतलं. आईचा हात जन्माआधीच ओळखीचा व्हावा, म्हणून या बाळाला झालेला प्रत्येक स्पर्श तिच्या पोटातल्या बाळालाही जाणवत असे. तिने पाण्यात हात घालून पाहिला. कोमटच वाटलं. तांब्या ओतताच सरावाचं बाळ किंचाळलं आणि तिच्या पोटात जोराची लाथ बसली.

शिकवणाऱ्या यमूताईंनी धावत येऊन पाण्यात कोपर बुडवून पाहिलं. "अगं, केवढं कढत आहे हे."

"कळलंच नाही, ताई. रोज पोळ्या भाजून हात बधिर झालेत माझे."

सुनयनाने घाबरत पोटावर हात ठेवला. आतलं बाळ अंग चोरून दुसऱ्या कुशीला सरकलं. तिने हात तिकडे नेला, तर ते तिथूनही सरकलं.

यमूताईंच्या हाताखाली मात्र ते निवांत पसरलं.