जावयाचा रुसवा

पूर्णिमाचं लग्न झालं, त्या वर्षीचा दसरा. तिच्या बापानं, कृष्णातनं, गोठ्याच्या निम्म्या भागात जुनं लेथ मशीन बसवलं होतं. उरलेल्या निम्म्यात चंद्री म्हैस होती आणि माळ्यावर तिचा कडबा.

मशीनला हार घातला, नारळ फोडला, बटण दाबलं. मशीन फिरलं आणि थोड्या वेळानं जादा भारानं वीज तोडणारा एमसीबी पडला. वर केला, तर पुन्हा पडला.

"एमसीबीच लेचापेचा हाय," कृष्णात म्हणाला. "थोरला आणून ठेवलाय. जेवणं झाली की बसवतो."

जावई अमरसिंह पहिल्या दसऱ्याला सासरी आला होता. कबनूरला मागाच्या कारखान्यात तो वायरमन होता. त्यानं कडब्याखालून गेलेल्या वायरवर हात ठेवला आणि लगेच उचलला.

"मामा, एमसीबी बरोबर हाय. वायर बारीक पडतीया. थोरला लावला तर तो पडायचा न्हाय, वायर पेटंल."

"पूर्णीच्या मांडवातली वायर हाय ती. रातभर दिवं जळलं हिच्यावर. शुभाची वायर हाय, पावणं!"

 नवा जावई सासऱ्याशी किती वाद घालणार?

पानं वाढली. पुरणपोळीवर तूप पडलं. अमरसिंह हात गुडघ्यावर ठेवून तसाच बसला.

"जेवा की," सासूबाई म्हणाल्या.

"पहिला दसरा हाय. मान पायजे."

पूर्णिमानं चमकून नवऱ्याकडं बघितलं. लग्नात साध्या अंगठीलाही नको म्हणालेला माणूस आज रुसला होता.

"मागा की," कृष्णात म्हणाला. "काय पायजे?"

"चार स्क्वेअरची जाड वायर. मीटरपासनं लेथपतूर. आत्ता."

कृष्णातनं जावयाकडं बघितलं, मग त्याच्या ताटाकडं. जावई उपाशी ठेवून सण कसा करायचा?

"लय बेरकी जावई शोधलास गं," तो बायकोला म्हणाला आणि पायात चपला घालून लक्ष्मीपुरीच्या बाजारात वायर आणायला गेला.

अमरसिंहनं नवी वायर ओढली, तिच्यावर थोरला एमसीबी बसवला आणि ऊन उतरता उतरता मशीन पुन्हा सुरू झालं. ते फिरत राहिलं. चंद्री रवंथ करत होती. अमरसिंहनं सासऱ्याचा हात धरून नव्या वायरवर ठेवला. वायर गार होती. कृष्णातनं बराच वेळ हात काढला नाही.

"चला," तो शेवटी म्हणाला. "पोळी वाळली तुमची."

चंद्री त्यानंतर चार वर्षांनी, नातवाच्या बारशाच्या आदल्या दिवशी मेली. म्हातारी झाली होती.