चिखलातले आवाज

पाणथळ उद्यानातल्या बेटावर तंबू ठोकून होताच हेमांगीने श्रवणकाठी चिखलात खुपसली. चिखलाने साठवलेला गेल्या वर्षीचा रोहित पक्ष्यांचा कलकलाट ऐकू आला. पर्यटक त्यासाठीच ही काठी भाड्याने घेत.

"हे ऐकायला आणलंस मला?" तिचा मेहुणा विक्रांत हसला. त्याची बायको, हेमांगीची ताई, गेल्या वर्षी इथेच बुडाली होती. पाय घसरला, असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं.

हेमांगीने काठी आणखी खोल दाबली.

"अहो, हात द्या ना," ताईचा आवाज आला. पाठोपाठ विक्रांतचा, अगदी शांत. "ओरडू नकोस. इथे कोणी येत नाही."

विक्रांतने धावत जाऊन काठी उपटायला घेतली. हेमांगीने बेटावरची एकुलती होडी पाण्यात ढकलली आणि आत चढली.

"पोलीस सकाळी येतील, भावोजी. तोवर तिच्याजवळ बसा."