वेल्डरचा खिळा

दारूच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर होतं. दहाच्या आत विकायचं नाही असा नियम, म्हणून मावशी नेहमीसारखी बाटल्यांवरची धूळ पुसत होती. तिचा भाऊ वाकून आत आला. वाकताना त्याचा गुडघा कट्‌कन वाजला.

"चौक बंद आहे. केवढा वळसा पडला! रात्री कुणीतरी मोटारसायकल दुभाजकावर घातली म्हणे."

"कोणी?"

"मला काय माहीत? पोलिसांनी फीत बांधलीय." त्याने स्टूल ओढलं. "ते जाऊ दे. समोरच्यांचा माणूस आज पुन्हा येतोय, तुझा परवाना विकत मागायला. ताई, आता तरी हो म्हण."

समोर म्हणजे रस्त्यापलीकडे. काचेचं, गारेगार, लख्ख दुकान. त्यांची अशी दुकानं गावोगाव आहेत. तिथे यंत्र गिऱ्हाइकाचं वय तपासतं आणि बाटलीबरोबर बर्फाची पिशवी फुकट मिळते.

"आणि तुझ्याकडे काय फुकट? पायपीट!"

मावशी हसली नाही. फडकं पिळून तिने पुन्हा तीच बाटली पुसली.

तिच्या मागे भिंतीवर एक फळी होती आणि फळीवर खिळे. गाडीवरून आलेल्याने आधी किल्ली खिळ्याला अडकवायची, मग बाटली घ्यायची आणि चालत घरी जायचं. गाडी गल्लीत राहील, किल्ली सकाळी मिळेल. हा मावशीचा कायदा. तपासणीला आलेल्या साहेबांनी फळीकडे बघून मान हलवली होती. "बाई, नियमात वय आहे, वेळ आहे. किल्ली कुठेच नाही. कशाला गिऱ्हाईक घालवताय?"

गिऱ्हाईक गेलंच. एकेक करत खिळे रिकामे झाले. उरला तो वेल्डर.

काल संध्याकाळी तोही किल्ली बोटावर गरगर फिरवत काउंटरपाशी उभा होता.

"मावशी, आजच्या दिवस सोड ना. पहाटे कामावर जायचंय."

"किल्ली."

"अगं, समोर कोणी मागत नाही."

"मग समोर जा."

तो गेला. रस्ता ओलांडताना त्याने मागे वळून हातसुद्धा केला. चिडलेला नव्हताच तो.

आता शटरखालून वेल्डरची बायको आत आली. ती प्रसूतिगृहात रात्रपाळी करते. सुटली की बसने थेट इथे येते, किल्ली घेते आणि गाडी घरी नेते.

"आज बसनेपण केवढा वळसा घातला! दे गं मावशी किल्ली, पाय नुसते भरून आलेत. आणि गाडी कुठे लावलीय यांनी? गल्लीत दिसली नाही."

भावाने फळीवरच्या रिकाम्या खिळ्यांकडे बघितलं. बहिणीकडे बघितलं.

"आणि हा जरा चार्जिंगला लाव. मध्यरात्रीच मान टाकलीय मेल्याने." तिने मोबाइल पुढे केला.

मावशीने मोबाइल घेतला, वायर जोडली, काउंटरवर ठेवला. फळीकडे तिने बघितलं नाही. तिने खण ओढला. आतून एक ओपनर काढला. मग रबरांचा गुंता. एक वाळलेलं पेन. एकेक वस्तू ती काउंटरवर ओळीने मांडत राहिली.

भाऊ उठला. स्टूल वेल्डरच्या बायकोकडे सरकवलं.

"सावकाश बघ गं, काही घाई नाही," ती टेकत म्हणाली. चपला काढून तळवे चोळू लागली.

मावशीचा हात खणात आत, आणखी आत गेला.

काउंटरवर मोबाइल उजळला. थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला, आणि थरथरत थरथरत कडेकडे सरकू लागला.