शिपायाची आई

"पुन्हा तुम्हीच?" लेफ्टनंट कुबातने पासपोर्ट काचेखालून परत सरकवला नाही. "बाजूला उभ्या राहा, बाई."

मुसल्लम-आपा पिशवी सावरत बाजूला झाली. मागची रांग पुढे सरकली. उझबेकांना सीमा ओलांडून किर्गिझस्तानातल्या ओशला जायला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट दाखवायचा, शिक्का घ्यायचा आणि चालू लागायचं. पण नाक्यावर राजधानी बिश्केकहून नवे मेजर आले होते, आणि सारखं येणाऱ्यांना आता आत बोलावून विचारत होते. परवाच दोघी बायकांना त्यांनी परत धाडलं होतं. पाहुण्या म्हणून यायच्या आणि खानावळीत भांडी घासायच्या. आता वर्षभर त्यांना इकडे पाऊल टाकता येणार नव्हतं.

मेजर सगनबेक दिसायला कडक, पण बोलायला शांत होते. कुबात आपाला आत घेऊन आला आणि त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

"बसा आपा. दर आठवड्याला येता. कुणाच्या घरी कामाला आहात?"

"काम नाही साहेब. कालबूबू म्हणून एक म्हातारी आहे, तिच्याकडे जाते. अंथरुणाला खिळलीय. तिला न्हाऊ घालते, भाकरी करून ठेवते."

"पगार किती?"

"पगार कसला? मीच घरून जर्दाळू घेऊन येते."

"नात्यातली?"

"नाही."

"मग तुम्ही उझबेक, ती किर्गिझ. ओळख कुठली?"

आपाचा चेहरा उजळला. ही गोष्ट सांगायला तिला फार आवडे. "साहेब, सीमा बंद होती ना, तेव्हाची गोष्ट. माझी झुलैहो सात वर्षांची होती. पोटात असं दुखायला लागलं की..."

"गोष्टी नकोत, बाई," कुबात मध्येच खेकसला. "विचारलं तेवढं बोला!"

"बोलू दे त्यांना," मेजर म्हणाले.

आपा बोलत राहिली. गावात डॉक्टर नव्हता, मोठा दवाखाना लांब होता. ओश मात्र कालव्याच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर. पोरीला पाठुंगळी घेऊन ती तारेच्या कुंपणापाशी गेली आणि रडत बसली. पलीकडे पहाऱ्यावर एक शिपाई होता, अगदी कोवळा. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि तार वर उचलली. पोरीला खांद्यावर घेऊन तो कालव्यातून गेला, रस्त्यावर एक मोटार अडवली आणि दोघींना दवाखान्यात पोचवलं.

"डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर हाती लागली नसती. आज तिला दोन लेकरं आहेत, साहेब. त्या शिपायाची आई म्हणजे कालबूबू."

मेजरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"म्हणजे पहाऱ्यावरच्या शिपायानं सीमा उघडली. नाव काय त्याचं?"

आपानं मांडीवरची पिशवी जवळ ओढली.

"आपा, माणूस म्हणून मला त्याचं कौतुक आहे. पण तो अजून नोकरीत असेल तर मला वर कळवावं लागेल. वर्दी उतरेल त्याची. आहे नोकरीत?"

कुबात खिडकीबाहेर पाहत होता.

"वारला," आपा म्हणाली. "दोन वर्षांनी. डोंगरात गाडी घसरली."

"मेलेल्या माणसाची साक्ष कोण काढणार?" मेजर हसले नाहीत. "कुबात, त्या म्हातारीला फोन लाव. आवाज मोठा ठेव, मलाही ऐकू दे."

आपा आकडे सांगू लागली. तिचे सांगून व्हायच्या आत पलीकडे घंटा वाजत होती.

"कोण?" म्हातारी ओरडली. "मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही मला!"

"नाक्यावरून बोलतोय!" कुबातने आवाज जाडाभरडा केला. "मुसल्लम नावाची बाई येते का तुमच्याकडे?"

"येते म्हणजे? तिच्या जिवावर तर जगतेय मी! अडवून ठेवलंय वाटतं तिला? लाजा नाही वाटत? पीठ भिजवून ठेवलंय शेजारणीनं, बोरसोक कोण तळणार, तुमचे साहेब?"

मेजरांच्या मिशीत हसू आलं. "कामाची बाई असती तर म्हातारी असं बोलली नसती. बरं, आता मुलाचं विचार."

कुबात फोनकडे बघत राहिला.

"साहेब," आपा उठून उभी राहिली. "पाया पडते. आईला फोनवर असलं काही विचारू नका."

मेजर ओशाळले. त्यांनी स्वतःच हात पुढे करून फोन बंद केला.

"माझी आई गेली तेव्हा मी असाच कुठल्यातरी नाक्यावर होतो," ते म्हणाले. "तिच्याजवळ कुणीच नव्हतं. त्या पोराचं नशीब थोर, आपा. मागं तुमच्यासारखं माणूस आहे. या तुम्ही, हवं तेव्हा या. कुणी अडवलं तर माझं नाव सांगा."

"अल्ला तुम्हाला उदंड आयुष्य देवो, साहेब." आपाचे डोळे भरून आले, आणि ते खोटं नव्हतं.

मेजरांनी दोन्ही हातांची ओंजळ केली. "त्या शिपायासाठी दुआ करू या."

आपानेही ओंजळ वर केली. कुबातने जरा थांबून केली. मेजरांनी हळू आवाजात चार शब्द म्हटले, त्या भल्या पोराच्या आत्म्याला शांती मागितली आणि तिघांनी चेहऱ्यावरून हात फिरवले.

"फाटकापर्यंत सोडून ये यांना. आणि पिशवी घे त्यांची. मघाशी फार उर्मटपणा केलास."

"हो साहेब."

कुबात पिशवी घेऊन पुढे चालू लागला. शिक्क्याची खिडकी गेली, पहारेकरी गेला. आपा मागून चालत होती. फाटकाबाहेर, टॅक्सीवाल्यांच्या गलक्यात आल्यावर त्यानं पिशवी तिच्या हातात दिली आणि एकदा मागे वळून पाहिलं.

"घरी गेल्यावर आईला सांगू नका हं, आपा," तो हळूच म्हणाला, "तुम्ही मला मारून टाकलंत ते."