खांबावरचा मुका कॅमेरा

विमलकाकूंनी सुपलीतला कचरा शेजारच्या खानोलकरांच्या चकचकीत गाडीवर शांतपणे ओतला.

खानोलकर बनियनवरच धावत आले. "काकू, अहो हे काय!"

"मंगळवार आहे. रस्ता झाडायच्या दिवशी गाडी हलवायची असते."

"त्यासाठी खांबावर कॅमेरा बसवलाय ना! तो फोटो काढतो, मी दंड भरतो. विषय संपला."

"तुम्ही दंड भरता, पाला गाडीखालीच राहतो, गटार तुंबतं आणि डेंग्यू झाला तो मला!"

पूर्वी गल्ली हौसाबाई झाडायची. वाटेत गाडी दिसली, की मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करून ती सगळा कचरा टपावर रचायची. तिच्या खराट्याचा आवाज आला, की भलेभले वकील तोंडातल्या ब्रशसकट गाडी ढकलत निघायचे. कॅमेरा बिचारा जन्माचा मुका!

"आता तुमचाही फोटो निघाला असेल," खानोलकर गुरगुरले. "येईल नोटीस!"

"कशी येईल? तो नंबरप्लेट वाचतो. माझ्या पाठीवर कुठंय नंबर?"

खानोलकर किल्ली आणायला गेले. काकूंनी सुपली पुन्हा भरली आणि पुढच्या गाडीकडे मोर्चा वळवला. त्या पोचायच्या आतच ती गाडी सुरू झाली.